अपघात विभागातील रक्ततपासणी व आपले कर्तव्य

(मंडळाच्या परळी वैजनाथ येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च अशा विषयांवर विचार मांडले जातात. यंदा चिटणीसांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी त्यांना म्हणालो की मला एका रोगाविषयी बोलावयाचे आहे. ते किंचित हसले व म्हणाले, "गुरुजी, तुम्ही डॉक्टर केव्हापासून झालात?" त्यांचा प्रश्न रास्तच होता. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारे आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतीत गेले. वैद्यकावर बोलण्याचा अधिकार मजपाशी नाही. परंतु आमच्या घरावर एक प्रसंग ओढवला व त्याने मला हा विषय शिकावयास लावला. तो प्रसंग मी पुढे सांगणारच आहे. तत्पूर्वी रोगाची ओळख करून देणे अवश्य आहे.

आपण सर्व वैद्यनाथाच्या छायेत राहणारी माणसे आहोत. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी ही दोन्ही विष्णूने येथील लिंगात लपवून ठेविली, अशी आपली परंपरागत कथा आहे. लहानपणी ही कथा ऐकताना मला वाटे, अमृत इतक्या जवळ असताना आमच्या गावची माणसे आजारी का बरे पडतात? आज ज्या रोगाविषयी बोलावयाचे आहे त्याची स्थिती नेमकी अशीच आहे. त्याचे औषध निघालेले आहे, ते आपल्या जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचलेले आहे. तरीही माणसे मरतात, कारण आपणास तो रोग आहे हेच त्यांना ठाऊक नसते.

या रोगाचे नाव हिपॅटायटीस सी. हा यकृताचा रोग आहे. ज्यास आपण काळीज म्हणतो आणि ज्याच्या नावाने आपण माया, धैर्य व दुःख बोलून दाखवितो, ते काळीज वस्तुतः यकृतच होय. अन्नाचे रस पचविणे, शरीरातील विषारी द्रव्ये निवारणे, रक्त गोठण्यास लागणारी द्रव्ये तयार करणे अशी अनेक कामे ते मुकाट्याने करीत असते. अर्धेअधिक निकामी होईपर्यंत ते तक्रार करीत नाही, आणि यातच सारा घात आहे.

कावीळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पिवळे डोळे व पिवळी लघवी उभी राहते. मग कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी उतारा करतो, कोणी डाग देतो. दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते व तिचे श्रेय माळेला मिळते. हिपॅटायटीस सी मात्र बहुतेकांत डोळे पिवळे न करताच शरीरात शिरतो. शंभरांतील सुमारे तीस जणांच्या शरीरातून तो सहा महिन्यांच्या आत आपोआप नाहीसा होतो. उरलेल्या सत्तरांच्या अंगात तो ठाण मांडून बसतो. थोडा थकवा, थोडी अरुची, यापलीकडे काही जाणवत नाही. असे ठाण मांडल्यानंतर वीस वर्षांत शंभरांतील पंधरा ते तीस जणांचे यकृत आकसून, गाठाळ होऊन कठीण बनते. त्यास सिरोसिस म्हणतात. पुढे पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते, काहींना यकृताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे ५ कोटी व आपल्या देशात सुमारे ५५ लाख लोकांच्या अंगात हा विषाणू होता.

हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. एकाची सुई दुसऱ्यास टोचणे, नीट न उकळलेली हत्यारे वापरणे, न तपासलेले रक्त चढविणे, हे त्याचे मुख्य मार्ग. विषाणूचा शोधच मुळी १९८९ साली लागला. त्या संशोधनाबद्दल हार्वे आल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस या तिघांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात रक्तपेढीतील प्रत्येक बाटलीची या विषाणूसाठी तपासणी सक्तीची झाली ती चालू शतकाच्या आरंभी. म्हणजे त्यापूर्वी ज्यांना रक्त चढविले गेले त्या सर्वांनी एकदा तरी तपासणी करून घेणे योग्य. जत्रेत एकाच सुईने अनेकांचे गोंदण होते, गावोगाव एकच सुई धुऊन पुन्हा टोचली जाई, दाढीच्या वस्तऱ्याचे पाते बदलले जात नसे. हे सर्व आपण पाहिलेले आहे. आणि आपल्याही अंगी एक दोष आहे. सुई टोचल्यावाचून डॉक्टरने औषध दिले असे आपणास वाटतच नाही! साध्या पडशालाही आपण सुईचा आग्रह धरतो.

रोग कशाने पसरत नाही हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. एका पंक्तीस बसल्याने, एका ताटात जेवल्याने, एका घागरीचे पाणी प्याल्याने, मिठी मारल्याने किंवा रोग्याची सेवा केल्याने तो पसरत नाही. तेव्हा अशा रोग्याचे ताट वेगळे मांडणाऱ्याने विज्ञानाचे नाव पुढे करू नये.

आता औषधाची गोष्ट. पूर्वी इंटरफेरॉन नावाच्या सुया महिनोन् महिने घ्याव्या लागत. त्यांचा त्रास फार व गुण सुमारे निम्म्यांनाच येई. २०१३ साली सोफोसबुविर नावाची गोळी अमेरिकेत मान्य झाली. तेव्हा तिची किंमत तेथे एका गोळीस १,००० डॉलर होती! पुढे २०१५ पासून भारतीय कंपन्यांनी तीच गोळी अल्प किमतीत तयार केली. आज बहुतेक रोग्यांना दोन औषधे रोज एकदा, ८४ दिवस घ्यावी लागतात, आणि शंभरांत पंचाण्णवांहून अधिक रोगी पूर्ण बरे होतात. सुई नाही, इस्पितळात पडून राहणे नाही. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याखाली तपासणी व औषधे दोन्ही विनामूल्य मिळतात. पंजाब राज्याने तर २०१६ सालीच आपल्या रोग्यांसाठी विनामूल्य औषधांची योजना केली होती.

मग अडते कोठे? अडते ते रोगी ओळखण्यापाशी. ज्यास काही होत नाही असे वाटते तो तपासणीस जाणार कशाला? आपल्या जिल्ह्यातील ऊसतोडीस जाणाऱ्या बंधुभगिनींचे उदाहरण घ्या. दिवाळीनंतर ते घरदार बंद करून कारखान्यांच्या प्रदेशात जातात. एक दिवस कोयता खाली ठेवला की मजुरी बुडते. ते आपण होऊन रक्त तपासावयास जाणे शक्य नाही. परंतु गाडी उलटली, पाचटात साप चावला, हात कापला, म्हणजे त्यांना दवाखान्यात न्यावेच लागते, आणि ते प्रथम पोहोचतात अपघात विभागात, ज्यास आपण कॅज्युअल्टी म्हणतो. गरिबाच्या आयुष्यात मोठ्या दवाखान्याचे हे एकच दार उघडते, व तेही संकटाच्या वेळी.

हा विचार अन्य देशांनी ओळखला. अमेरिकेतील अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ साली, अपघात विभागात अन्य कारणांनी आलेल्या व १९४५ ते १९६५ या काळात जन्मलेल्या लोकांना ही तपासणी करण्याविषयी विचारले गेले. आपणास हा रोग असल्याचे ठाऊक नसलेल्या १,५२९ लोकांची तपासणी झाली. त्यांतील १७० जणांच्या रक्तात या विषाणूच्या खुणा आढळल्या. म्हणजे शंभरांत अकरा! कोणी पाय मुरगळला म्हणून आला होता, कोणी छातीत दुखते म्हणून. पुढे २०२० साली अमेरिकेच्या आरोग्य खात्याने प्रत्येक प्रौढाने आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करावी अशी शिफारस केली. इंग्लंडात एप्रिल २०२२ पासून लंडन, मँचेस्टर आदी शहरांतील ठरावीक अपघात विभागांत अशी रीत सुरू झाली की, ज्याचे रक्त कोणत्याही कारणाने काढावयाचे आहे, त्याच रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटीस बी व हिपॅटायटीस सी यांची तपासणी करावयाची. तसे फलक लावलेले असतात, व नको म्हणण्याचा रोग्यास पूर्ण अधिकार असतो. या रीतीने तेथे हजारो लोकांना आपल्या अंगातील रोगाचा प्रथमच पत्ता लागला.

मिसर देशाची कथा तर शिकविण्याजोगी आहे. तेथे १९५० नंतरच्या काळात एका कृमिरोगाचे निर्मूलन करण्यासाठी सरकारनेच गावोगाव सुया टोचल्या. हेतू उत्तम होता; पण त्याच त्या काचेच्या पिचकाऱ्या पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटीस सी घरोघर पोहोचला. त्याच देशाने २०१८-१९ मध्ये सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी केली, रोग्यांना औषधे दिली, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या कार्याचा गौरव केला. चूक झाली होती. ती देशाने मान्य केली व निस्तरली.

आपल्याकडे अपघात विभागात येणाऱ्या प्रत्येकाची ही तपासणी करावी असा सरसकट नियम नाही. तो व्हावा असे मला वाटते. तथापि एक गोष्ट आपल्याकडेही घडत असते. शस्त्रक्रिया करावयाची असली म्हणजे तीपूर्वी बहुतेक रुग्णालये रोग्याच्या रक्तात याच तीन विषाणूंची तपासणी करतात. ती का? तर शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी सावध राहावे म्हणून. हेतू गैर नाही. परंतु तो निकाल शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जातो आणि पुष्कळदा तेथेच थांबतो. ज्याचे रक्त, त्याच्या कानावर तो जातच नाही. आता मी आमच्या घरचा प्रसंग सांगतो.

माझे थोरले बंधू शेतकरी होते. अत्यंत निर्व्यसनी मनुष्य. पानसुद्धा खात नसत. २०१६ साली परगावी जाताना त्यांना अपघात झाला व मांडीचे हाड मोडले. वाटेतल्या एका शहरात, एका रुग्णालयाच्या अपघात विभागात त्यांना नेले. रक्त घेतले, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, सळई बसविली. बाराव्या दिवशी ते घरी आले. सोबत कागदपत्रांची जाड फाइल होती. घरात इंग्रजी वाचू शकणारा मीच. दादा म्हणाले, "मास्तर, काय ते बघून घे." मी चष्मा लावून सारी फाइल पाहिली. खरे सांगतो, मी फक्त आकडे पाहिले. औषधांची बिले, खोलीचे भाडे, सळईची किंमत, यांची बेरीज केली आणि फाइल पिशवीत बांधून ट्रंकेत ठेवली.

पाच वर्षे गेली. २०२१ साली दादांचे पोट फुगू लागले. एके रात्री रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी यकृत कठीण झाल्याचे सांगितले व पहिलाच प्रश्न विचारला, "किती वर्षे दारू पितात?" दादा म्हणाले, "कधीच नाही." डॉक्टरांच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसला. गावात कुजबुज सुरू झाली. माळकरी म्हणवतो आणि शेतात बसून चोरून पीत असेल, असे लोक म्हणू लागले. बंधूंनो, मला सांगावयास लाज वाटते, पण एके संध्याकाळी मीही त्यांना एकांतात विचारले, "दादा, खरे काय ते मला तरी सांगा." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरविले. काही बोलले नाहीत.

पुढे तपासण्यांत हिपॅटायटीस सी निघाला. डॉक्टरांनी जुने कागद मागितले. मी ट्रंक उघडली. त्या फाइलीत, बिलांच्या मागे, एक लहानसा छापील कागद होता. एचसीव्ही, आणि त्यापुढे शाईने लिहिलेला इंग्रजी शब्द, रिअॅक्टिव्ह. तारीख शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाची. पाच वर्षे तो कागद माझ्या घरात होता. त्यानंतर दोनच वर्षांनी सरकारने औषध फुकट केले होते. ८४ दिवसांच्या गोळ्या!

औषध सुरू झाले, विषाणू गेलाही. पण यकृत फार पुढे गेलेले होते. २०२२ साली दादा गेले. विषाणू त्यांच्या अंगात कोठून आला हे निश्चित सांगता येत नाही. १९९४ साली पोटाच्या शस्त्रक्रियेत त्यांना दोन बाटल्या रक्त चढविले होते, एवढे आम्हाला आठवते. वहिनी आजही म्हणतात, "त्यांचे जाणे सोसले, पण त्यांच्यावर आलेला आळ सोसत नाही."

त्या रुग्णालयाचे नाव मी घेत नाही. तेथे त्यांचे हाड उत्तम जोडले गेले. परंतु त्या कागदाचा अर्थ त्यांना समजावून सांगणे हे त्यांचे कर्तव्य होते, आणि तो वाचून विचारणे हे माझे कर्तव्य होते. चाळीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की प्रश्नपत्रिका पूर्ण वाचावी, पाठीमागील बाजूही उलटून पाहावी. मी स्वतः ती उलटली नाही.

म्हणून आज आपणापुढे चार विनंत्या ठेवतो.

पहिली. घरातील कोणीही अपघात विभागात गेले, शस्त्रक्रिया झाली, बाळंतपण झाले, तर घरी येण्यापूर्वी डॉक्टरांस विचारा, "रक्ताच्या तपासणीत काय निघाले?" तो कागद मागून घ्या. बिलाइतकाच जपून ठेवा. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. इतकी वर्षे ट्रंकेत पडलेल्या जुन्या फाइलीही या सुट्टीत एकदा उघडा.

दुसरी. रिअॅक्टिव्ह हा शब्द दिसला तर घाबरू नका व लपवूही नका. त्याचा अर्थ एवढाच की विषाणूशी शरीराची कधी तरी गाठ पडलेली आहे. तो आजही अंगात आहे की नाही हे दुसऱ्या तपासणीने, रक्तातील विषाणू मोजून, कळते. पहिल्या तपासणीवर थांबणारा मनुष्य अर्ध्या वाटेवर थांबतो. जिल्हा रुग्णालयात अथवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात या कार्यक्रमाची चौकशी करावी. आपणांस अंबाजोगाई अवघ्या २५ किलोमीटरांवर आहे. तेथील महाविद्यालयास ज्यांचे नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते व हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण ते शिक्षकही होते, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते, याची आठवण मला शिक्षक म्हणून करून द्यावीशी वाटते. औषध पूर्ण ८४ दिवस घ्यावे, आणि ते संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून विषाणू गेल्याची खात्री करून घ्यावी. पहिली तपासणी बरे झाल्यावरही आयुष्यभर रिअॅक्टिव्हच येते, म्हणून बरे झाल्याचा कागदही जपावा. ज्यांचे यकृत आधीच कठीण झालेले आहे त्यांनी औषधानंतरही डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहावे.

तिसरी विनंती आपल्या समाजातील डॉक्टर, परिचारिका व प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुण मंडळींना. रोग्याच्या संमतीने तपासणी करा, निकाल त्यास एकांतात व त्याच्या भाषेत सांगा, आणि पुढे कोठे जावयाचे ते कागदावर मराठीत लिहून द्या. निकाल पाहून शस्त्रक्रिया नाकारू नका. प्रत्येकाचे रक्त दूषित आहे असे समजूनच हातमोजे व हत्यारे वापरावयाची असतात. मग एकालाच परत पाठविण्याचे कारण उरत नाही.

चौथी विनंती सर्वांनाच. कोणाचे यकृत बिघडले असे ऐकले की लगेच दारूचे नाव घेऊ नका. ज्याच्या घरी हा रोग निघाला त्या घरची सोयरीक मोडू नका. हा बरा होणारा रोग आहे; लपविला तरच तो मारतो.

मंडळाच्या कार्यकारिणीसही एक सूचना आहे. पुढील संमेलनाच्या दिवशी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या साहाय्याने याच मंडपाच्या एका कोपऱ्यात रक्ततपासणीची सोय करावी. बोटातून एक थेंब रक्त घेतात आणि अर्ध्या तासाच्या आत पहिला निकाल मिळतो. जेवणाची पंगत उठेपर्यंत काम होईल. पहिले बोट मी पुढे करीन, आणि माझ्यामागून वहिनी येणार आहेत. तसे त्यांनी मला सांगितले आहे.

माझे बोलणे लांबले, त्याबद्दल क्षमा असावी. दादांना मी जो प्रश्न विचारला तो आता परत घेता येत नाही. आपण मात्र वेळीच योग्य प्रश्न विचारावा, एवढ्याचसाठी मी येथे उभा राहिलो. 

जय हिंद.